टाळ्या कुणासाठी वाजवल्या?

भागधारक मंडळी, अंबडहून एस.टी.नं आत्ताच आलो अन् तुम्हा सगळ्यांना पोस्टकार्डं लिहायला बसलो. डोकं अजून तापलेलं आहे.

आज तिथं आपल्या कापसाच्या जिनिंग कंपनीची सभा होती, तुम्ही काही आला न्हाईत. आपल्यासारखेच भागधारक असलेले साळवे गुरुजी उभे राहिले. "चेअरमनसाहेब, जमिनीचा दावा कंपनी हारली, अन् ताळेबंदात त्याचा एक शब्द न्हाई. आमच्यापासून काय लपवून राह्यले तुम्ही?"

मंग आम्ही सगळ्यांनी गुरुजींसाठी कडाडून टाळ्या वाजवल्या.

चेअरमन हसले अन् कारकुनाला म्हणाले, "लिहा, टाळ्यांच्या गजरात ताळेबंद मंजूर."

गुरुजी ओरडत राहिले, पण सभा संपली होती.

सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. आता गुरुजींना काय तोंड दाखवू, तुम्हीच सांगा.