उजव्या मनगटाची फिजिओथेरपी आणि पोळ्यांचा प्रश्न

वर्षानुवर्षं लॅपटॉप बडवून माझ्या उजव्या मनगटातली नस दबली. बोटांना मुंग्या यायच्या, चहाचा कप हातातून निसटायचा. शेवटी ऑपरेशन झालं. टाके काढताना सर्जन म्हणाले, "छोटंसंच तर ऑपरेशन होतं." त्यांच्या दृष्टीनं छोटंच असणार. हात माझा होता.

मग नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये, मोमोजच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, फिजिओथेरपी सुरू झाली. फिजिओथेरपिस्ट म्हणजे गाझियाबादहून येणारी एक तरुण मुलगी, बोलायला कमालीची गोड. व्रणावर अंगठा दाबून गोल गोल चोळताना विचारायची, "दर्द तो नहीं हो रहा ना, मॅम?" माझ्या डोळ्यांतलं पाणी तिला बहुधा आनंदाश्रू वाटत असावं. मग व्यायाम. मूठ मिटा, बोटं हुकासारखी वाकवा, अंगठा करंगळीला टेकवा. ऑफिसात अख्खी टीम हाताखाली असलेली मी, अंगठा टेकला की बालवाडीतल्या मुलीसारखी शाबासकीची वाट बघायची.

नवऱ्याची काळजी वेगळीच होती. तो पुण्याचा, त्याला बाहेरची रोटी 'जड पडते'. एकदा मला न्यायला आला आणि हात कसा आहे हे न विचारता थेट तिलाच म्हणाला, "ये आटा कब से गूँध सकती हैं? एक्सरसाइज भी हो जाएगी."

तिनं माझं मनगट न सोडता त्याच्याकडे पाहिलं. "अभी काफ़ी टाइम है, सर. आपके हाथ में कोई प्रॉब्लम है?"

"नाही... मतलब, नहीं."

"बस, तो हो गया."

त्या संध्याकाळी त्यानं कणीक भिजवली. निम्मी परातीत, निम्मी स्वतःच्या कोपरापर्यंत. दोन-तीन दिवसांत त्याचंही मनगट दुखू लागलं. "अगं, मलाही तुझंच झालंय बहुतेक," तो गंभीरपणे म्हणाला आणि माझ्या पुढच्या अपॉइंटमेंटला मोठ्या आशेनं सोबत आला. तिनं त्याचा हात वाकवून, बोटांनी ठोकून नीट तपासला.

"बिल्कुल फ़िट हैं, सर. गूँधते रहिए."

थंडी सरता सरता माझ्या मुंग्या थांबल्या. खुर्चीवरून उठताना तळवा टेकला की अजून कळ येते, पण टायपिंग होतं, बाटलीचं झाकणही उघडतं. पोळ्या मात्र त्याच्याकडेच राहिल्या. पाहुणे आले की सांगतो, "मला पहिल्यापासूनच स्वयंपाकाची आवड." मी मान डोलावते आणि आणखी एक पोळी मागून घेते.