वारा पडलेल्या दिवसांची टिंबं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बाकासमोर एक जुना नकाशा टांगलेला आहे. कुण्या गलबताचा प्रवास त्यावर टिंबाटिंबांनी दाखवलाय. ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून आठ महिने मी तो बघतेय. उजवा हात अजून बोटभरही वर आलेला नाही.

नकाशात एके ठिकाणी, भर समुद्रात, टिंबांची नुसती गर्दी आहे. मुंग्या लागाव्यात तशी. आज कंटाळून विचारलं, “अहो, हे काय?” अख्खा जन्म बोटीवर काढलेला माणूस, पण आता एकेक शब्द ओढून आणावा लागतो.

“रोज दुपारी... एक टिंब. जहाज कुठंय ते. वारा पडला, की... तिथंच.”

“मग मांडायचं कशाला?”

“मांडायचं.”

म्हणजे शिडं लोंबत असताना कुणीतरी न हललेल्या दिवसांचीही नोंद ठेवत बसलं होतं.

व्यायाम घेणाऱ्या मुलीनं विचारलं, “काकू, काही फरक?” मी नाही म्हटलं. तिनं रोजच्यासारखा चेंडू ह्यांच्या हातात दिला.

घरी कॅलेंडरवर व्यायामाची खूण करायचं मी महिन्याभरापूर्वीच सोडलं होतं. आज पेन शोधलं आणि तारखेखाली एक टिंब दिलं. वारा आजही नव्हता.