भुजंगचा जाड हात

आमच्या गल्लीत आता डॉक्टर पिकतात. निदान पाट्या तरी तसंच सांगतात. लातूरच्या या गल्लीत पूर्वी पिठाची गिरणी होती, सायकलचं दुकान होतं, लोखंडकामाची वर्कशॉप होती. आता डावीकडे क्लास, उजवीकडे मुलींचं हॉस्टेल, समोर अभ्यासिका आणि मधे मी, विमल, त्या पोरींना दोन वेळा जेवू घालणारी. भोकर, मुदखेड, उदगीर, कुठून कुठून येतात बिचाऱ्या. रात्ररात्र जागून डोळे खोल गेलेले असतात आणि मला सांगतात, काकू, वरणात मीठ कमी आहे. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते, आणि दोन्ही एकदमच येत असल्यामुळे मी भात जरा जास्तच वाढते.

जुन्यांपैकी आता एकटा भुजंग उरला आहे. माझ्या खानावळीच्या भिंतीला लागूनच त्याचं वर्कशॉप. त्यात एक जुना लेथ, म्हणजे लोखंडाचा दांडा गरगर फिरवून त्याला हव्या त्या मापात कातायचं यंत्र. तो चालू झाला की माझ्या फडताळातल्या वाट्या कुरकुरतात. माझी तक्रार नाही, मला सवय आहे. तक्रार हॉस्टेलच्या बाईंची. पोरींचा अभ्यास होत नाही म्हणे. मग असं ठरलं, की पोरी क्लासला गेल्या की भुजंगने लेथ लावायचा आणि त्या आल्या की बंद करायचा. स्वतःच्या दुकानात दुसऱ्याच्या वेळापत्रकाने काम करणारा माणूस लवकर म्हातारा होतो. भुजंग तसा झालाच. सुजलेल्या पायांनी दुपारी माझ्याकडे चहाला यायचा, पायरीवर टेकायचा आणि म्हणायचा, "दमलो, काकू." इतकंच. कशाने दमला ते कधी सांगत नसे आणि मीही विचारत नसे.

त्याचं गाव किल्लारीच्या पलीकडचं. तरुणपणी शिवमूर्ती मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकायला लातूरला आला. भूकंप झाला त्या रात्री तो वर्कशॉपच्या गणपतीच्या विसर्जनासाठी इथं थांबला होता, म्हणून वाचला. गावात त्याची आई कस्तुराबाई आणि धाकटा भाऊ, दोघंही माळवदाखाली, घरावरच्या मातीच्या छताखाली गेले. दिवस घालून तो परत आला आणि सरळ लेथवर उभा राहिला. तेव्हा वाचलेल्या लोकांसाठी पत्र्यांची शेड उभी राहत होती आणि त्यांचे बोल्ट मिस्त्रींकडे बनत होते. भुजंग प्रत्येक बोल्ट सांगितल्यापेक्षा जाड करायचा. मिस्त्री रागावले, पण त्या दिवसांत त्याला फार बोलवत नव्हतं कुणाला. पुढे मिस्त्री गेले, वर्कशॉप त्याच्याकडे आलं, आणि ती सवय तशीच राहिली. मोटारीचा दांडा असो की मळणीयंत्राची पुली, भुजंग त्यात गरजेपेक्षा जास्त माल ठेवणारच. "भुजंगचा हात जाड आहे," असं गिऱ्हाईकं म्हणत, आणि ती तारीफ होती. त्याची वस्तू तुटून परत आलेली मी तरी पाहिली नाही.

दीपमाला ही त्याची एकुलती एक लेक. गल्लीतच राहत होती, मग डॉक्टरच व्हायला हवं होतं. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली. शेवटी नांदेडला इंजिनिअरिंगला गेली, मेकॅनिकलला. भुजंग तिला एका शब्दाने बोलला नाही, पण शेजारच्या क्लासच्या भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो लागले, तेव्हा तो काही दिवस मागच्या दाराने ये-जा करायचा. दीपमालेला ते दिसत होतं. पोरी आंधळ्या नसतात.

तिसऱ्या वर्षाला असताना एका सुट्टीत ती आली आणि बापाला म्हणाली, कॉलेजात शर्यत आहे, आम्ही पोरं मिळून गाडी बनवतोय, तिचे भाग तुम्ही करून द्या. गाडी म्हणजे हातभर लांबीची, खेळण्यातली. परदेशात अशा मोठ्या गाड्या असतात म्हणे, लांबुळक्या, मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन बारकी, एका सरळ रेषेत जीव तोडून पळतात आणि काही क्षणांत शर्यत संपते. तिची ही छोटी नक्कल, बॅटरीवर चालणारी.

भुजंग चहा पिताना मला म्हणाला, "काकू, ही कसली गाडी म्हनावी? वळायचं न्हाई, थांबायचं न्हाई, आत मानूस बसायचा न्हाई. निस्तं सरळ पळायचं."

"मग आपल्या गल्लीतल्या पोरींसारखीच की," मी म्हटलं. तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

भाग पुण्याहून मागवावेत असं तिच्या सोबत्यांचं म्हणणं होतं. हट्ट दीपमालेचा, की माझे बाबा करतील. गाडीच्या वजनाला मर्यादा होती, आणि मोटार नि बॅटरी धरून हिशेब अगदी काठावर आला होता. म्हणून मागच्या चाकांचा आस, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, अल्युमिनियमचा हवा आणि आरपार पोकळ हवा, नळीसारखा, भिंत पोस्टकार्डाएवढी पातळ. हे तिनं त्याला दोनदा बजावलं. तो मान हलवत राहिला.

त्याने जीव ओतून काम केलं. पोरी क्लासला गेल्या की लेथ सुरू, बारीक रुपेरी कीस उडायचा, भुजंग डोळे बारीक करून त्यात वाकलेला. भाग तयार झाले तेव्हा मला दाखवायला घेऊन आला, फडक्यात गुंडाळून, लाडू आणावेत तसे. दीपमाला ते घेऊन नांदेडच्या गाडीत बसली.

आणि त्याच आठवड्यात परत आली. भरदुपारी. मी भुजंगचा चहा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले, तर ती उभी होती, पिशवी अजून खांद्यावर, तोंड उतरलेलं. तिच्या हातात तो आस होता.

"गाडी वजनात बसली न्हाई," ती बापाला म्हणाली. "समदे भाग येगळे काढून तोलले. ह्यो मधून भरीव हाय, बाबा. दोन्ही तोंडाला पोकळ दिसतोय अन् मधी भरीव."

भुजंग फडक्याने हात पुसत राहिला.

"रविवारी शर्यत हाय. तवर वजन उतरवा न्हाईतर बाहेर व्हा म्हनले. समदे मलाच बोलून राहिलेत, तुझ्या बापापायी झालं म्हून. कामून केलं असं? मी सांगितलं व्हतं ना?"

"पातळ केला अन् तुटला तर?" भुजंग म्हणाला.

"तर तुटू द्या की. खेळन्यातली गाडी हाय. तिच्यात कुनी बसलेलं न्हाई."

मी चहा तसाच धरून उभी. निघून जावं असं वाटलं, पण गेले नाही. पोरीचा आवाज चढला होता. ती चिडली होती, आणि खरं तर तिला रडू येत होतं.

"जाड असलं म्हंजी टिकतं, असं तुमाला कुनी सांगितलं?" ती म्हणाली. "आपल्या गावातली घरं काय पातळ व्हती म्हून पडली? आमाला शिकवलंय कॉलेजात. भिंती हात-दोन हात रुंद अन् माळवदावर मातीचा ढीग. वजनानं मारलं लोकांला. आजीला बी वजनानंच मारलं."

भुजंगने हातातलं फडकं खाली ठेवलं. आमच्या भागात माळवद गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी वर नवी माती टाकत. जुनी कुणी काढत नसे. वर्षावर वर्ष चढत जायचं ओझं.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "त्या सालची माती मीच टाकली व्हती. मिस्त्रींकून सुट्टी काढून गेलो व्हतो. माय म्हनली, थोडी अजून टाक, लेकरा, कोपऱ्यात गळतंय. मी अजून टाकली."

दीपमालेला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आणि मला वाटायचं, हा माणूस उभा राहून राहून दमतो.

पोरगी पुढे झाली, आस त्याच्या हातात दिला आणि त्याच्या खांद्यावरची धूळ उगाचच झटकली. भुजंगने आस लेथमध्ये बांधला, नीट मध्यावर आणला. बटन दाबलं. ड्रिल पुढे सरकवायचं चाक हातात धरलं आणि तसाच थांबला. यंत्र फिरत होतं, त्याचा हात पुढे जात नव्हता. मला वाटलं, आता ती त्याला बाजूला करेल. तिनं केलं नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "न्या पुढं, बाबा. मी हाय."

त्याने नेलं.

नेमक्या तेव्हाच पोरी क्लासहून परतल्या आणि हॉस्टेलच्या बाई गॅलरीतून ओरडल्या, ही काय लेथ लावायची वेळ आहे का. मी बाहेर आले आणि त्यांना म्हटलं, आज एक दिवस तुमच्या पोरी नापास झाल्या तरी चालेल, आत जा. असं बोलायला नको होतं, पोरींनी ऐकलं. पण त्या हसल्या, आणि बाई आत गेल्या. संध्याकाळपर्यंत यंत्र चालू होतं. आस झाला तेव्हा तो उचलून बघताना भुजंगचा चेहरा असा होता, की जणू कुणाचं तान्हं पोर हातात दिलंय.

रविवारी माझ्याकडे गोडाचं असतं. भुजंग जेवायला आला होता, पण ताट तसंच होतं. फोन समोर ठेवून बसला होता. वाजला, तसा त्याने दोन्ही हातांनी उचलला. माझा फोन नव्हता तो, पण दीपमालेचा आवाज असा खणखणीत की मलाही ऐकू येत होतं. पहिली शर्यत त्यांनी जिंकली. दुसरीत गाडी निम्म्यावर असतानाच आस मोडला. गाडी तिथंच बसली आणि निखळलेलं चाक एकटंच पळत रेषेच्या पार गेलं, शेजारून पळणाऱ्या गाडीच्याही आधी. सगळं मैदान हसलं, परीक्षकसुद्धा. हरलो म्हणून सांगताना ती स्वतःही हसत होती, तिला धाप लागली होती.

भुजंगने फोन कानाशी घट्ट दाबला. "तुटला?" तो म्हणाला.

"तुटला, बाबा."

"कुनाला लागलं का?"

पलीकडचं हसू थांबलं. मग ती सावकाश म्हणाली, "कुनालाच न्हाई, बाबा. कुनालाच काही झालं न्हाई."

फोन बंद झाल्यावरही त्याने तो कानाला तसाच धरून ठेवला. नंतर माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुटला म्हनं. अन् कुनाला काही झालं न्हाई." आणि तो रडू लागला. आवाज न करता नाही, चांगला मोठ्याने, लहान मुलासारखा. गावाहून दिवस घालून आला होता तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. पोरींचे हात ताटातच थांबले आणि त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काय झालं, काकू, एकीने विचारलं. काही झालं नाही, जेवा, असं म्हणून मी त्यांना भात वाढायला उठले.