बोळातली हवा

घरमालक तसा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मणीबाईला त्याच्याशी कडाकडा भांडता तरी आलं असतं. घरात गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून मणी करते म्हटल्यावर बाकीच्यांनी तिच्या तोंडावर दार लावलं होतं. यानेच एकट्याने, “करा बापडं, पण कुठे भोक पाडायचं नाही,” एवढ्यावर जागा दिली. दोन खोल्या, एकीला लागून एक. दार आणि दोन्ही खिडक्या एकाच अरुंद बोळात उघडायच्या, आणि बोळावर मालकाने पत्रा टाकलेला. वारा म्हणून नाही. पण मणीबाईला वारा हवा होता कुठे?

ज्योतीवर काम करणाऱ्यांचं वाऱ्याशी जन्माचं वैर. जरा झुळूक आली की ज्योत वाकडी होते, मण्याची एक बाजू गार पडते, आणि टच्‌ आवाज करून सगळी मेहनत टेबलावर दोन तुकड्यांत पडते. हे तिला थोरल्या भावाने शिकवलं. दादा काचेच्या कारखान्यात होता. तिथल्या धुळीने आणि धुराने त्याची छाती पोखरली आणि कारखान्याने त्याला घरी बसवलं. आता तो बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाटेवर असायचा, भिंतीला टेकला तरच श्वास पुरायचा. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेली ही बहीण आणि तो, एवढाच संसार. तिच्या मण्यांवर चूल पेटायची आणि त्याची औषधं यायची.

दादाच्या छातीत आणखी धूर जाता कामा नये, या एका गोष्टीसाठी तिने जिवाचं रान केलं. आतल्या खिडकीचं एक तावदान काढून तिथे मापाची फळी बसवली, फळीत धूर बाहेर फेकणारा पंखा. भिंतीला नखसुद्धा लागलं नाही. पंख्याला ओढायला हवा हवी, म्हणून दोन खोल्यांमधलं दार तिने चार बोटं उघडं ठेवलं आणि त्या फटीत पातळ कागदाची पट्टी धरून पाहिली. पट्टी तिच्या खोलीकडे झुकली.

“बघ दादा, तुझ्याकडची हवा माझ्याकडे येतेय. माझ्या धुराची काय बिशाद तुझ्याकडे यायची!”

“शहाणी गं माझी चिमणी,” दादा म्हणाला. त्या दिवशी दोघंही भलतीच खुशीत होती.

मग एक खेळ सुरू झाला. काम आटपून ती बाहेर आली की दादा डोळे मिटून सांगायचा, “आज लाल केलंस.” किंवा, “पिवळ्या काचेची कांडी जरा जास्तच तापवलीस.” बहुतेक बरोबर निघायचं. “हाडं मुरलीत माझी काचेत,” तो ऐटीत म्हणायचा, आणि ती शेजारणीला हे कौतुकाने सांगायची. त्याच दिवसांत त्याचा खोकला वाढत चालला होता. डॉक्टर औषधं बदलत होते आणि मणीबाई डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होती.

एकदा बाजारात एका गिऱ्हाइकाने तिच्या हातात चांदीची तार दिली. ती ज्योतीत धरून मण्यांना चांदीची वाफ द्यायची होती. असलं काम तिने त्या घरात कधी केलंच नव्हतं. बाहेर आली तर दादा खोकून खोकून अर्धा झालेला. तरी हसत म्हणाला, “चांदी? चैन आहे बुवा!”

मणीबाई जागच्या जागी थिजली. लाल-पिवळं अंदाजाने सांगता येतं. चांदीचं तर ती कुणाला बोललीच नव्हती.

“तुला वास येतो?”

“वास येतो, जिभेवर चव येते.”

“कुठून?”

दादाने खिडकीकडे मान वळवली.

तिने कागदाची पट्टी आणली आणि त्याच्या खिडकीत धरली. पट्टी आडवी होऊन खोलीत आली. म्हणजे पंख्याने फेकलेला धूर बोळात जात होता, वर पत्रा, त्याला जायला वाट नव्हती. आणि पंखा जेवढी हवा घरातून ओढत होता तेवढी घर त्याच बोळातून घेत होतं, दादाच्या खिडकीतून, दादाच्या खाटेवरून. फट मोजली, ज्योत सांभाळली, पण दादाच्या खोलीत हवा येते कुठून, हे बघायचं तिला सुचलंच नाही. आपल्या धुराला तिने सख्ख्या भावाची गाळणी लावली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

“बोलला का नाहीस रे?”

“बोललो असतो तर काम बंद केलं असतंस. मग खाल्लं काय असतं आपण?” दादा दम खात म्हणाला. “आणि खोटं कशाला बोलू, आवडायचा गं तो वास. वाटायचं, तू माझ्या शेजारीच बसून काम करतेयस.”

ती पदर तोंडाला लावून रडली आणि मग वर मालकाकडे गेली.

“काका, पत्र्याला एक भोक पाडू द्या. पाइप वर काढते. खर्च माझा.”

“अहो बाई, पाइप वर दिसणार. लोक विचारणार, खाली कारखाना काढलाय का. धूर होत असेल तर काम दुसरीकडे हलवा.” त्याने आवाजही चढवला नाही. उलट दादाची आपुलकीने चौकशी केली, आणि ती जिना उतरेपर्यंत दिवा लावून उभा राहिला.

दादाची खिडकी बंद करून पाहिली, तर त्याचा जीव घाबरा झाला. काम बंद करून पाहिलं, तर औषधाची बाटली रिकामी झाली. दुसरी जागा शोधून पाहिली, तर गॅसची टाकी म्हणताच लोक मागे सरकले. शेवटी तिने हात टेकले.

मग एका सकाळी तिने पंखा बंद केला. त्याचं तोंड आणि फळीच्या कडा चिकटपट्टीने बुजवल्या, मधलं दार लावून घेतलं आणि उंबऱ्याशी ओला टॉवेल दाबून बसवला. गॅसचा बर्नर पेटवला. ज्योत आजवर कधी राहिली नव्हती इतकी सरळ उभी राहिली. मणी एकामागून एक गोल, नितळ उतरत गेले, एकही तडकला नाही. दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं आणि घशात चरचरू लागलं. हे कुठे जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. दादाचं सगळं आजारपण तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

“पंख्याचा आवाज नाही आज?” बाहेरून दादाने विचारलं.

“नवा बसवला. आवाज करत नाही.”

“वासपण नाही येत गं आता.”

“मग चांगलंच झालं की.”

“झालं खरं,” दादा म्हणाला. “पण तू आत आहेस की नाही, तेच कळत नाही.”

मणीबाईने मणी ज्योतीतून बाजूला घेतला. छातीतून वर आलेली ढास तिने तोंडावर हात दाबून जिरवली, आवाज ठीक होईपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, “आहे की रे. इथेच आहे.”