डबे परत येऊ लागले तेव्हा

सोफा विकायला काढला नवऱ्याने. फोटो काढला, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला आणि मला नंतर सांगितलं. म्हणाला, "आई येणार आहे थंडीत. एवढ्या खाली बसायला तिच्या गुडघ्यांना जमायचं नाही. उंच सोफा घेऊ." मला ते पटलं. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल आमच्या घरात कुणी वाद घालत नाही.

संध्याकाळी सोफा गेलाही. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरची वहिनी माझा डबा परत घेऊन आली. दिवाळीत चकल्या दिल्या होत्या, तो डबा. आमच्यात रिकामा डबा परत द्यायची पद्धत नाही. त्यामुळे माझे डबे दुबईतल्या आमच्या अल बर्शाभर फिरत असतात आणि तिचे-हिचे माझ्या ओट्यावर. कोणाचा कुठला हे कोणी विचारत नाही. वहिनीने डबा दिला, आत चिमूटभर साखर. "सहज आले होते," म्हणाली, आणि जिथे सोफा होता त्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भिशीचं व्यवस्थित आहे ना गं?"

भिशी मी चालवते. दहा जणी, महिन्याला प्रत्येकी हजार दिरहम. जिचा नंबर तिला सगळे दहा हजार. नंबर भिशीच्या सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून ठरतात, फक्त पहिला चालवणारीचा असतो. म्हणजे माझे दहा हजार मी कधीच उचलले होते आणि दर महिन्याला हजार-हजार भरून फेडत होते. मी मध्येच निघून गेले तर ज्यांचे नंबर शेवटी, त्यांच्या तोंडाला पानं पुसली जाणार. वहिनीचा नंबर शेवटून दुसरा होता.

"व्यवस्थित नसायला काय झालं?" मी म्हटलं. जरा चढ्या आवाजातच.

"तसं नाही गं. पण हजार दिरहम म्हणजे आपले तेवीस हजार. आणि मी सात वेळा भरलेत. तू माझे आत्ताच देऊ शकशील का?"

कुठून देणार? भिशीचे पैसे माझ्या कपाटात नसतात. आले की त्याच दिवशी जिचा नंबर तिला जातात. हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिने विचारलं.

इथे सोफा विकणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. इथे नोकरी गेली की व्हिसाही जातो, पण माणूस 'नोकरी गेली' असं सांगत नाही. आधी सोफा जातो, मग गाडी, मग एक दिवस शाळेच्या बसच्या रांगेत त्यांचं पोर दिसत नाही. पण मी चिडले होते, आणि चिडलं की मला पुढचं दिसत नाही.

त्या आठवड्यात अल बर्शातले माझे सगळे डबे परत आले. लहानपणी आमच्या गावातल्या पतपेढीच्या दारात रांग लागलेली मी पाहिली होती. आरडाओरडा, धक्काबुक्की. इथे तसं काही नव्हतं. बेल वाजायची, दारात डबा, आणि "सहज आले होते." एका डब्यात तर साखरसुद्धा नव्हती. ओट्यावर स्टीलची उतरंड उभी राहिली. ज्यांनी पैसे उचलले होते त्या म्हणायला लागल्या, "या महिन्यात जरा थांबू का?" बुडणाऱ्या भिशीत कोण भरणार? मुलगी म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ सोफा. व्हाय इज एव्हरीवन बीइंग वीअर्ड?"

आणि या महिन्याचा नंबर होता माझ्या शारजाच्या मैत्रिणीचा. नर्सरीत शिकवते, एकटी मुलाला वाढवते, रोज दोन्ही वेळा ट्रॅफिकमध्ये अडकते. भाड्याचा चेक याच महिन्यात वटणार म्हणून तिने चिठ्ठीत आलेला आधीचा नंबर बदलून हा घेतला होता. तिने फोन करून काही विचारलं नाही. तिचा हप्ता मात्र नेहमीसारखा सगळ्यात आधी आला. डबा आला नाही. लांब राहते, म्हणून असेल, असं मला वाटलं. जमा झाले होते चौघींचे. तेवढ्यात चेक वटणार नव्हता आणि इथे चेक परत जाणं ही साधी गोष्ट नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, "सहा हजार द्या. मी भरते, नंतर बघू एकेकीकडे. आमची भिशी बुडणार म्हणे."

तो चहा पीत होता. कप ठेवला.

"त्यांना कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

तो कामाला होता ते अल क्वोजचं गोडाऊन बंद होणार होतं. नोटीस केव्हाच मिळाली होती. जूनमध्ये सगळेच सामान विकायला काढतात, भाव पडतो, म्हणून त्याने सोफ्याची घाई केली होती.

"आणि आईंचे गुडघे?"

"ठीक आहेत."

मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही. राग होताच, पण भीती जास्त होती. अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं आणि मी दारात उभी राहून सगळ्यांना खोटं पाडत होते. आता तोंड बंद ठेवून अजून थोडं हसले असते तर पैसे आलेही असते. मैत्रिणीचा चेक वटला असता आणि शेवटच्या दोघी बुडाल्या असत्या.

शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. सतरंजी घातली, खिचडी केली. माझी एक पाटली मोडून आणली होती, त्यातून माझे या महिन्याचे आधीच जमा केले होते, माझे पुढचे दोन्ही हप्ते वहिनीच्या हातात दिले. "सोफ्याचं खरं आहे. आम्ही चाललोय," मी म्हटलं. "मला कालपरवा कळलं. माझ्याकडून आता कोणाचं काही येणं नाही. वहिनी, पुढचे दोन महिने तूच सांभाळ. पण आज जिचा नंबर आहे तिचे द्या."

 खिचडी तशीच राहिली. मग वहिनीने हातातल्या नोटांकडे पाहिलं, पर्स उघडली आणि आपले हजार सतरंजीवर ठेवले, जरा रागानेच. त्यामागून बाकीच्यांनी.

मैत्रीण आली तेव्हा सगळं आटपलं होतं. ट्रॅफिक. मी तिला पैसे दिले, आमचं सांगितलं. तिने पैसे न मोजता पर्समध्ये टाकले आणि माझा हात धरून बसली. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी म्हटलं, "माझा तीन कप्प्यांचा डबा तुझ्याकडे आहे. सामान बांधतेय, आणून दे."

"कुठला डबा?" ती म्हणाली.

त्याच डब्यातून ती रोज नर्सरीत जेवण नेते, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं. ती माझ्याकडे सरळ बघत होती. मी पुन्हा विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन गार झालेली खिचडी गॅसवर ठेवली आणि तिथे मला रडू आलं.