बशीतला उरलेला चहा

शेजारचे काका चहा बशीत ओतून भुरके मारत पितात. काल त्यांच्या घरी आम्ही चहा घेत होतो, तेव्हा त्यांच्या बशीत बिस्कीट मोडून पडलं. ते त्यांनी बोटाने ढवळलं, मग मिशा भिजवत पुन्हा भुरका मारला. मला किळस आली.

"काकूंचा कप कुठंय?" मी विचारलं.

"तिला चहाची आवड नाही," काकाच म्हणाले आणि उरलेली बशी त्यांनी काकूंकडे सरकवली.

"टाकवत नाही हो," म्हणत काकू ओट्याकडे तोंड करून तो चहा प्यायल्या.

चहाचं आधण ठेवताना करणारीचा कप मोजायचाच नाही, ही रीत मी किती घरांत पाहिलीय. मी माझा कप खाली ठेवला. तिकडे काकूंनी बशीच्या तळाचा लगदा बोटाने पुसून चाटला.

आवड नसलेलं माणूस बशी अशी निपटत नाही.