सातवीच्या वर्गातलं बाकाचं भाडं

अन्याय पूनम राठोडवर झाला. वय तेरा, इयत्ता सातवी. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तिसरा सोमवार, परिपाठ संपून पहिला तास सुरू होत होता, सकाळचे पावणेअकरा. भर वर्गात तिला तिच्या बाकावरून उठवलं. दोन आठवड्यांचं भाडं थकलं होतं म्हणून. ती दप्तर घेऊन दाराजवळ जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर जाऊन बसली. उठवणारा माणूस मी. तिचा वर्गशिक्षक.

कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो आणि यवतमाळच्या बस स्टँडवर वाटायचो. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला, दुसऱ्या ओळीत कुणी केला, ही तेव्हाची सवय. या वेळी दुसऱ्या ओळीत माझंच नाव येतंय. तर येऊ दे.

आमची शाळा नेर तालुक्यात. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. अर्धी मुलं गावातली, अर्धी शेजारच्या तांड्यावरची. मी शिक्षणसेवक, म्हणजे नोकरीची पहिली वर्षं मानधनावर काढणारा मास्तर. जुलैत एका ट्रेनिंगमध्ये मी क्लासरूम इकॉनॉमी हा प्रकार ऐकला. वर्गाचं स्वतःचं चलन काढायचं. मुलांना कामाचा पगार द्यायचा, त्यांच्याकडून भाडं घ्यायचं, बचत करायला लावायची. मुलं अभ्यासाला लागतात आणि पैशाचा व्यवहारही शिकतात. मला ते एकदम पटलं.

चलनाचं नाव मुलांनी ठरवलं. बोंड. कापसाचं बोंड. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून नोटा केल्या आणि मागे शाळेचा शिक्का मारला. एका दिवसाच्या हजेरीला दोन बोंड. गृहपाठाला एक. फळा पुसणं, पाण्याची टाकी भरणं, परिपाठ घेणं, या नोकऱ्यांना आठवड्याला पाच. बाकावरच्या जागेचं भाडं आठवड्याला दहा. साठ बोंड जमले की अख्खा बाक विकत घ्यायचा, मग भाडं नाही. दर शनिवारी वर्गात बाजार. पेन्सिली, खोडरबर, आणि सगळ्यात महाग वस्तू म्हणजे सरांच्या खुर्चीत एक तास बसणं.

दोन महिने वर्ग नुसता उडत होता. हजेरी वाढली. ज्या पोरांना सातचा पाढा येत नव्हता ती पोरं बाजाराच्या दिवशी सुट्टे बोंड बोटांवर मोजून परत देऊ लागली. आमचे मुख्याध्यापक वानखडे सर म्हणाले, "मास्तर, तुमच्या वर्गात शाळा चालते का बाजार समिती?" मी खूश.

नियमांत एक गोष्ट मी लिहायची विसरलो होतो. एकानं किती बाक घ्यायचे, याला मर्यादाच नव्हती. आदित्य नावाच्या मुलानं ते बरोबर हेरलं. त्याचे वडील खेडा खरेदी करतात, म्हणजे गावात घरोघर जाऊन कापूस विकत घेतात आणि जिनिंगला घालतात. पोराच्या कानावर जन्मापासून भाव पडत आलेले. दिवाळीपर्यंत त्यानं चार बाक घेतले. स्वतः एकावर बसायचा, बाकीचे भाड्यानं. सुट्टी संपताच त्यानं भाडं दहाचं बारा केलं. पूनम त्याच्या बाकावर बसायची.

त्या सोमवारी तो उभा राहिला. "सर, पूनमचं भाडं नाई आलं. दोन हप्ते झाले. चोवीस बोंड होते. तिच्यापाशी नऊच हायेत."

"खरं का पूनम?"

"हो सर. पुढच्या हप्त्यात देईन."

दोन आठवड्यांत ती चार दिवस आली होती. बारा दिवसांतले आठ गैरहजेरीचे शेरे माझ्याच हातचे होते. पण मी तिला का ते विचारलं नाही. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

भाडेखोरी आणि मक्तेदारी या शब्दांवर मी पानंच्या पानं लिहिलीत. आणि माझ्याच वर्गात मी एक मालक तयार केला, एक बेदखल मुलगी तयार केली, वरून शिस्त म्हणून फळ्यावर लिहून ठेवलं.

त्याच दुपारी केंद्रप्रमुख आले. दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे हे अधिकारी. त्यांनी भिंतीवरच्या बोंडांच्या तक्त्याचा फोटो काढला. "वा! आर्थिक साक्षरता! पुढच्या शिक्षण परिषदेत तुम्हीच बोला." दाराजवळ पट्टीवर बसलेली मुलगी त्यांच्या फोटोत आली नाही. मलाही दिसली नाही, असंच म्हणावं लागेल.

मंगळवारपासून पूनम आली नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तांड्यावर गेलो. घराला कुलूप. शेजारच्या म्हातारीनं हातानंच वावराकडे दाखवलं.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दिवसाच्या वेचणीचं मोजमाप चाललं होतं. कापसाची गाठोडी एकेक करून काट्याला टांगत होते. वेचणाऱ्या बायांना किलोमागे पैसे मिळतात, त्यामुळे सगळ्यांचे डोळे काट्यावर. आणि काट्याशेजारी वही घेऊन पूनम उभी. कडेवर दीड वर्षाची बहीण.

काट्यावरचा माणूस म्हणाला, "तीस लिही."

"एकतीस हाये दादा. इकडून पाहा. तिकडून काटा कमी दिसते."

"ही पोट्टी आली आन् माह्या धंदा बसला," तो म्हणाला. बाया खदखदून हसल्या. पूनमनं एकतीस लिहिलं. "काकी, कालचे एकोणतीस. तुमचे साठ झाले."

तिच्या आईनं, सुनीताबाईंनी, मला पाहिलं. "या सर. भाडं वसूल कराले आले का?"

आणखी हसू. मी मान खाली घातली.

"पोरगी सांगून राह्यली, शाळेत बी आता बसाचे पैसे लागते," सुनीताबाई म्हणाल्या. "तिच्या बापानं म्हटलं, मंग वेचणीच बरी. इथं पैसे घ्यायले तरी भेटते. होळीपावतर नाई येत ती आता."

होळीनंतर वार्षिक परीक्षेला महिना उरतो. सातवीनंतर आमच्याकडे शाळाच नाही, आठवीला एसटीनं नेरला जावं लागतं. मध्येच सुटलेली पोरगी त्या एसटीत बसत नाही. हे मला माहीत होतं. यावर मी पत्रक लिहिलं होतं.

मी पूनमला म्हणालो, "सोमवारी चुकलंच माझं. पण तू शाळेत काहून नव्हती येत?"

"हिले कोन पाहीन?" तिनं बहिणीकडे हनुवटी केली. मग म्हणाली, "सर, एक बोलू का? वेचणीत हजेरीचे पैसे नाई भेटत. सकाळपासून वावरात उभं राह्यलं तरी नाई. जेवढा कापूस काट्यावर भरला तेवढेच. तुमी त नुसतं वर्गात बसाचे बोंड देता."

तिनं हिशोबाची वही उलटी केली. मागच्या बाजूनं सरळव्याजाचा अख्खा सराव संच सोडवलेला. वर्ग अजून तिथे पोचायचा होता. एका उदाहरणावर बाळाच्या हाताचा चिकट ठसा.

"हे मैत्रिणीचं पुस्तक आणून केलं. याचे किती बोंड?"

माझ्या नियमाप्रमाणे शून्य. हजेरी नाही, तर गृहपाठ तपासणी नाही.

माझं डोकं तापलं. स्वतःवर तापलं, पण बाहेर निघालं ते जुन्या सवयीनं. "उद्या ये तू. मी आदित्यचे चारही बाक जप्त करतो!"

"जप्त कायले?" पूनम म्हणाली. "त्यानं इकत घेतले, तुमीच इकले. आज त्याचे बाक जप्त करान, उद्या माह्ये बोंड करान. मंग नोटा कोन घेईन? शनिवारचा बाजारच बसून जाईन."

मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं. ही गोष्ट मला कुणी इतक्या कमी शब्दांत सांगितली नव्हती.

"मग करायचं काय?"

"बैठक घ्या. याडीच्या गटात घेतेत तशी." याडी म्हणजे आई. सुनीताबाई तांड्यावरच्या बचत गटाच्या सचिव आहेत. दहा-बारा बाया दर महिन्याला पैसे टाकतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. त्यांच्या बैठकीची एक रीत आहे. एखादीचा हप्ता चुकला, तर आधी 'काय झालं' ते विचारायचं. ती सांगून झाली, की मगच दंडाचा विषय काढायचा. आधी नाही.

"पह्यले दंड बोलली त तिलेच दंड," सुनीताबाई म्हणाल्या. "बैठक होत असन त उद्या पाठवतो हिले. उद्याचाच दिवस पाठवतो. पुढचं मंग पाहू."

शनिवारी बाजार रद्द, बैठक सुरू. सगळे गोल बसले, अध्यक्ष पूनम. बहिणीला मांडीवर घेऊन. पहिला प्रश्न तिनं मलाच केला.

"सर, नियम बनवताना आमाले इचारलं होतं का?"

"नाही."

"काय झालं होतं?"

रीतीप्रमाणे आधी कारण. मी म्हणालो, "घाई झाली होती. मला वाटलं, मला सगळं समजतं."

दंड ठरला पन्नास बोंड. माझ्याकडे एकही नव्हता, मास्तरला पगार बोंडात मिळत नाही. म्हणून दोन आठवडे पाण्याची टाकी मी भरायची. ठराव एकमतानं पास झाला, ज्याची टाकीची नोकरी होती त्यानं तर दोन्ही हात वर केले.

दुसरा ठराव, हजेरीचे बोंड बंद. पगार कामावर. काम वर्गात केलेलं असो, घरी असो की वावरात.

मग आदित्य उठला. "माह्या काय गुन्हा? सरच म्हनले होते, डोकं लावा. मी लावलं."

"तुह्या गुन्हा नाई बे," पूनम म्हणाली. "बाक तुह्येच हायेत. ठेव. फक्त आमी त्याच्यावर बसत नाई."

सोमवारी आदित्यचे भाडेकरू येऊन पट्टीवर बसले. त्यांचं बघून ज्यांचे स्वतःचे बाक होते तेही खाली आले, कारण गप्पा तिकडे रंगल्या होत्या. चार बाकांच्या मधोमध आदित्य एकटा. नियमाप्रमाणे मालकानं आपले बाक रोज पुसायचे, तर तो पोरगा रिकामे बाक पुसत होता.

मंगळवारी केंद्रप्रमुख व्हिडिओ काढायला आले. मी दोन बादल्या घेऊन टाकीकडे निघालो होतो.

"हे काय मास्तर? शिपाई नाही का?"

"दंड झालाय साहेब."

"कुणी केला?"

"सातवीनं."

त्यांनी वर्गात डोकावलं. "आणि ही मुलं खाली का बसलीत?"

"संप आहे."

"व्हिडिओ कशाचा काढू मग?"

"संपाचा काढा. यात आर्थिक साक्षरता जास्त आहे."

त्यांनी काढला नाही. पण वीस मिनिटं दारात उभे राहून बघत होते, आणि जाताना आदित्यला विचारून गेले, "काय सावकार, भाव उतरला का?"

बुधवारी मधल्या सुट्टीत आदित्य डबा घेऊन पट्टीवर आला. "घ्या बे तुमचे बाक. मले करमून नाई राह्यलं." साठलाच दिले, खरेदीच्या भावात. मुलांनी गट केला, दर आठवड्याला पाच-पाच बोंड टाकले आणि तीन बाक हप्त्यानं घेतले. चौथा त्यानं ठेवला, त्याच्या बसण्याचा होता. पूनमचे चोवीस मात्र त्यानं पुरते वसूल केले. एक बोंड सोडला नाही. तिनंही सोडायला सांगितलं नाही. सराव संचाचे तिला आता मिळत होते, त्यातून दिले.

वेचणी काही थांबली नाही. पण घरचं कामही मोजलं जातंय म्हटल्यावर सुनीताबाई संक्रांतीपर्यंत पूनमला आठवड्याला तीन दिवस पाठवायच्या, बहिणीला घेऊन. उरलेल्या दिवशी मैत्रिणीबरोबर तिची वही यायची आणि पगार घेऊन परत जायची. तिचे वडील एकदा शाळेत आले. मला म्हणाले, "सर, पोरीच्या वहीनं या हंगामात काटा सीधा राह्यला. शिकू द्या तिले." यंदा ती आठवीत आहे. सकाळच्या एसटीनं नेरला जाते.

धडा एवढाच. जो हिशोब कामाऐवजी हजेरी मोजतो तो वर्गात बसू शकणाऱ्यालाच पैसे देतो. त्यासाठी वाईट माणूस लागत नाही. माझ्यासारखा उत्साही माणूस पुरतो.

आता तुमच्याशी. तुम्ही शिक्षक असा, पालक असा, शाळा व्यवस्थापन समितीवर असा. वेचणीच्या महिन्यांचं हजेरीपत्रक उघडा. ज्या मुलीच्या नावापुढे ओळीनं गैरहजेरी लागली आहे ते एक नाव निवडा. येत्या शनिवारच्या आत त्या घरी जा आणि ती मुलगी दिवसभर काय काम करते ते तिलाच विचारा. आणि तिचं ऐकून होईपर्यंत तुमच्या शाळेतला गैरहजेरीचा दंड बंद करा. आजपासून.